रोजच्या दराचं हलतं चित्र: फोटोशॉप की गिंप?

सोन्याचा दर रोज बदलतो, त्यामुळे कोल्हापूरच्या गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, पेढ्यांची हलती चित्रंही रोज नव्याने काढावी लागतात. साजावरून (गळ्यातल्या दागिन्यावरून) चमक सरकते, खाली आजचा दर, त्याखाली पेढीचं नाव. दुकानाचं शटर वर जायच्या आत हे व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेलं बरं. हे काम मी बरीच वर्षं फोटोशॉपमध्ये केलं, आता गिंप या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. या धंद्यात नव्याने आलेली पोरं विचारतात, दर महिन्याचं भाडं भरून फोटोशॉप घ्यावं की गिंपवर भागेल? ज्याचं त्याचं काम वेगळं असतं. तरी एक्स्पोर्ट करताना, म्हणजे तयार फाइल बाहेर काढताना, कुठे काय अडतं ते बघितलं, तर निवड बरीच सोपी होते असं मला वाटतं.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे "फाइल झाली, पण हलत नाही." फोटोशॉपमध्ये बहुतेक वेळा मेनूच चुकलेला असतो. २०१५ साली 'एक्स्पोर्ट अ‍ॅज' आलं आणि 'सेव्ह फॉर वेब'च्या मागे 'लेगसी' हा शब्द लागला. साहजिकच माणूस नव्या मेनूकडे जातो, पण हलत्या चित्राला जुनाच लागतो: कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि एस. त्या खिडकीत फॉरमॅट जेपेग राहिला असेल तर एकच फ्रेम, म्हणजे हलत्या चित्रातलं एकच स्थिर चित्र, बाहेर पडते. जिफ हा हलत्या चित्राचा फॉरमॅट निवडला की खालची प्लेची बटणं चालू होतात, ती चालू दिसली की काम बरोबर चाललंय असं समजायचं. लूपिंगमध्ये 'वन्स' असेल तर चित्र एकदा हलून थांबतं, तिथे 'फॉरेव्हर' पाहिजे. गिंपमध्ये एक्स्पोर्टच्या खिडकीत 'अ‍ॅज अ‍ॅनिमेशन'वर टिक करायची, 'लूप फॉरेव्हर' बघून घ्यायचं. टिक करायची राहून गेली तर सगळे लेयर, म्हणजे चित्राचे थर, एकमेकांवर दाबून एकच चित्र निघतं. या बाबतीत दोघांत डावं-उजवं करण्यासारखं काही नाही.

मेमरीची तक्रार बहुतेक वेळा फ्लेक्समुळे येते. पाडव्याचा दहा फुटी फ्लेक्स तयार असतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, यालाच जरा हलवा. एवढी मोठी फाइल 'सेव्ह फॉर वेब'ला दिली की चित्र या कामासाठी फार मोठं आहे असा इशारा येतो आणि बऱ्याचदा मशीन आचके द्यायला लागतं. गिंपलाही ती जडच जाते. इलाज दोन्हीकडे एकच: फाइलची कॉपी काढायची, रुंदी १०८० पिक्सेलवर आणायची आणि मगच फ्रेमा करायला घ्यायच्या. फोनच्या पडद्याला त्याहून जास्त लागत नाही.

आता रंगाचं बघू. सोन्याचं काम करणाऱ्याला खरा त्रास इथे होतो. जिफच्या एका रंगतक्त्यात फार तर २५६ रंग बसतात. साजाच्या एका पानडीतच फिक्या पिवळ्यापासून तपकिरी सावलीपर्यंत इतक्या छटा असतात की त्यांचे पट्टे पडतात. ते झाकायला डिदरिंग लावायचं, म्हणजे जवळच्या दोन रंगांचे ठिपके मिसळून मधली छटा भासवायची. नेहमीचं डिदरिंग प्रत्येक फ्रेमला ठिपके वेगळे मांडतं. त्यामुळे चमक एका जागी असली तरी अख्खा साज मुंग्या आल्यासारखा वळवळतो, आणि फाइलही फुगते. गिंपमध्ये रंग 'इंडेक्स्ड'मध्ये, म्हणजे ठरावीक रंगांच्या तक्त्यात, नेताना डिदरिंगच्या यादीत 'पोझिशन्ड' असतं. त्यात ठिपक्यांची जागा ठरलेली राहते, म्हणून न हलणारा भाग फ्रेममागून फ्रेम तसाच दिसतो. ही निवड एक्स्पोर्टच्या आधी आपण स्वतः केली पाहिजे. एक्स्पोर्टच्या वेळी गिंपवर सोपवलं तर ते आपल्या ठरलेल्या सेटिंगने रंग बदलून मोकळं होतं. फोटोशॉपमध्ये 'डिफ्यूजन'ऐवजी 'पॅटर्न' घेतलं की साधारण तसाच फायदा मिळतो. शिवाय रंग कमी करत जाताना चित्र किती बिघडतं ते शेजारी-शेजारी ठेवून दाखवणारी त्याची खिडकी मला आजही गिंपपेक्षा सरस वाटते.

मागच्या फ्रेमचं भूत पुढच्या फ्रेममागे दिसणं, यातही फोटोशॉप सोपं आहे. फ्रेमवर राइट क्लिक केलं की डिस्पोजल, म्हणजे मागची फ्रेम पुसायची की ठेवायची ते, 'ऑटोमॅटिक' असतं आणि बहुतेक वेळा ते बरोबर निभावतं. गिंपमध्ये हे आपल्यावर आहे. लेयरच्या नावात कंसात 'रिप्लेस' लिहिलं तर आधीची फ्रेम पुसली जाते, 'कंबाइन' लिहिलं तर तिच्यावरच नवी बसते. वेळही तिथेच लिहायची: कंसात २०० आणि पुढे इंग्रजी एमएस, म्हणजे मिलिसेकंद. फोटोशॉप सेकंदात मोजतं, तिथे हेच ०.२ होतं. एमएस लिहायचं राहिलं तर गिंप तो आकडा वाचतच नाही, एक्स्पोर्टच्या खिडकीत आधीच भरलेले १०० मिलिसेकंद धरतं. आणि वेग वाढवायचा म्हणून वेळ शून्य ठेवू नका. ०.०२ सेकंदापेक्षा कमी वेळ दिसली की बरेच ब्राउझर ती सरळ ०.१ सेकंद करून टाकतात, मग चित्र उलट रेंगाळतं.

इथवर वाचून फोटोशॉपचं पारडं जड वाटेल. माझ्यापुरता निकाल लागला तो दराच्या ओळीवर.

फोटोशॉपच्या फ्रेम अ‍ॅनिमेशनमध्ये अक्षरांचा मजकूर सगळ्या फ्रेमांना सामाईक असतो, पण जागा, अपारदर्शकता आणि लेयर दिसणं-न दिसणं हे फ्रेमागणिक वेगळं ठेवता येतं. अ‍ॅनिमेशन करणाऱ्याला हे हवंच असतं, तो काही दोष नव्हे. पण माझं काम बघा. कालच्या आकड्यात १ होता, आज ८ आला, ओळ थोडी रुंद झाली आणि कडेला टेकली. ती जराशी डावीकडे ओढायची. त्या क्षणी टाइमलाइनमध्ये, म्हणजे खालच्या फ्रेमांच्या पट्टीत, पहिली फ्रेम निवडलेली असेल आणि 'प्रोपगेट फ्रेम वन' चालू असेल, तर सगळीकडे सरकते. तिसरी फ्रेम निवडलेली असेल तर फक्त तिसरीत. एक्स्पोर्ट बिनतक्रार होतं, एरर येत नाही, आणि फोनवर मात्र दर मध्येच उडी मारतो. 'मॅच लेयर अक्रॉस फ्रेम्स' हा इलाज आहे, पण उडी दिसल्यावरच तो आठवतो. सकाळच्या घाईत टाइमलाइन कुठल्या फ्रेमवर उभी आहे हे दर वेळी बघणं मला नको झालं. एरर आलेली परवडते, निदान ती काहीतरी बोलते.

गिंपमध्ये निवडलेली फ्रेम असा प्रकारच नाही. लेयर म्हणजेच फ्रेम, सगळ्यात खालचा लेयर ती पहिली. मी फोटो, नाव आणि दर तळाच्या लेयरमध्ये एकजीव करतो आणि वर चमकेचे छोटे तुकडे 'कंबाइन'ने ठेवतो. प्रत्येक तुकड्यात त्या जागेचा मूळ फोटोही घेतो, म्हणजे मागची चमक झाकली जाते. दर एकाच जागी आहे, तो उडणार कुठून? यात एक पायरी वाढते हे मान्य. अक्षरांचा लेयर सुटा ठेवला तर त्याचीच वेगळी फ्रेम होते. म्हणून मूळ एक्ससीएफ (गिंपची स्वतःची) फाइल तशीच ठेवून कंट्रोल-डीने प्रत काढायची आणि प्रतीत 'मर्ज डाउन' करायचं. लेयर कॅनव्हासबाहेर गेला असेल तर गिंप एक्स्पोर्ट थांबवून तसं शब्दांत सांगतं आणि 'क्रॉप' करू का विचारतं. अडचण कुठे आहे ते असं समोर येतं, म्हणून मला ते जवळचं वाटतं.

मराठी अक्षरांबद्दलही सांगायला हवं. युनिकोडमधली जोडाक्षरं गिंपमध्ये नीट बसतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत भारतीय लिप्यांचा लेआउट चालू केल्याशिवाय ती फुटतात. श्रीलिपीसारखे युनिकोड नसलेले जुने फॉन्ट वापरत असाल तर हा फरक जाणवणार नाही.

तुमचं काम व्हिडिओतून फ्रेमा काढण्याचं असेल, किंवा एकाच लेयरची जागा आणि पारदर्शकता हळूहळू बदलत न्यायची असेल, तर फोटोशॉपच घ्या. तिथे टाइमलाइनचं मोल वसूल होतं, फक्त व्हिडिओ आत घेताना ५०० फ्रेमांची मर्यादा ध्यानात ठेवा. पण रोज तेच चित्र, एक आकडा बदलून बाहेर काढायचं असेल तर मी गिंपच सुचवीन. नवरात्र जवळ आलं की पेढ्या हलते स्टिकरही मागतात. व्हॉट्सअ‍ॅपला ते वेबपी या फॉरमॅटमध्ये लागतात, ५१२ बाय ५१२ पिक्सेल आणि ५०० केबीच्या आत. गिंपमध्ये लेयरच्या नावातल्या त्याच वेळा वेबपीलाही चालतात. फाइल छोट्या मापाची करून तिच्या नावाच्या शेवटी वेबपी लिहायचं आणि 'अ‍ॅज अ‍ॅनिमेशन'वर परत टिक करायची.