गल्ल्यातील कलदार ओळखणारा लहान डिजिटल काटा

आमच्या आर्वी तालुक्यातील खेड्यांत किराणा दुकानाच्या चिल्लरीत आजही कधीमधी इंग्रजी अमदानीतले राणीछाप किंवा राजाछाप नाणे येऊन पडते. बहुतेकदा नातवाने आजीच्या गाठोड्यातून गोळ्या-बिस्किटांसाठी ते उचललेले असते, आणि दुकानदाराने पन्नास पैशांचे समजून गल्ल्यात टाकलेली पावली (पाव रुपया) चांदीची निघते. अशा नाण्यांची घरीच पारख करण्यासाठी मी 200 ग्रॅम क्षमतेचा, 0.01 ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा, काही शे रुपयांत मिळणारा लहान डिजिटल काटा वापरतो. तो घेण्यासारखा आहे, मात्र नुसत्या वजनावर भिस्त ठेवू नये.

काटा बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी आधी चलनातील दहा रुपयांचे नवे नाणे ठेवावे; ते साधारण 7.7 ग्रॅम भरले पाहिजे. जुना चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा, अधेली (अर्धा रुपया) 5.83 ची आणि पावली 2.92 ची असते. झिजलेले नाणे थोडे कमी भरते. आज सराफाकडे तोळा म्हणजे दहा ग्रॅम, पण कलदार, म्हणजे हाच जुना चांदीचा रुपया, जुन्या पूर्ण तोळ्याचा आहे, हे विकणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

खरी अडचण येथूनच सुरू होते. वाघाचे चित्र असलेला 1947 चा रुपयाही 11.66 ग्रॅमच भरतो, आणि तो निकेलचा आहे. त्यासाठी लोहचुंबक जवळ हवे, कारण निकेल चिकटते व चांदी चिकटत नाही. दुसरा पेच 1940 ते 1945 च्या रुपयांचा: त्यांचे वजन आधीच्या रुपयांइतकेच, पण चांदी निम्मी, तर त्याआधीच्या रुपयांत ती सुमारे 92 टक्के असते. साल झिजून गेले असेल, तर पाण्याची परीक्षा करावी. प्लॅस्टिकच्या हलक्या वाटीत पाणी घेऊन ती काट्यावर ठेवावी, आकडा शून्यावर आणावा आणि दोऱ्याला बांधलेले नाणे वाटीच्या तळाला किंवा कडेला न टेकवता पूर्ण बुडवावे. नाण्याच्या कोरड्या वजनाला, नाणे बुडवल्यावर काटा दाखवील त्या आकड्याने भागले असता जुन्या रुपयाचे उत्तर 10.3 च्या आसपास आणि निम्म्या चांदीच्या रुपयाचे 9.5 च्या आसपास येते. पूर्ण वजनाच्या रुपयासाठी पाण्यातील आकड्यांत जेमतेम 0.1 ग्रॅमचा फरक असतो. तो टिपू शकतो म्हणूनच या काट्याचे मोल मला वाटते.

उणिवाही आहेत. पंखा सुरू असला की शेवटचा आकडा स्थिर राहत नाही, आणि दोरा सावरता सावरता काटा आपोआप बंद पडतो, मग सगळे पुन्हा करावे लागते. सोबत आलेल्या कागदावर पाण्याच्या परीक्षेचा उल्लेखही नाही.

नाणे चिंच-राखेने घासू नये. संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत त्याने उतरते. नांगरताना जमिनीतून निघालेल्या नाण्यांची गोष्ट वेगळी आहे, कारण 1878 च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीच्या गुप्तधनाची सूचना जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. गल्ल्यातले नाणे विकायचे असल्यास व्यवहार सराफाच्या मुद्रांकित (सरकारी तपासणीचा शिक्का असलेल्या) काट्यावरच होईल, परंतु घरी काढलेले आकडे चिठ्ठीवर लिहून न्यावेत. त्यावरून भाव नीट विचारता येतो.