लायसन रिन्यू करून आठ महिने झाले, माझं भांडण अजून त्या २० केबीच्या सहीशी आहे

मागच्या मंगळवारी बँकेत केवायसीला गेलो होतो, ओळखपत्र म्हणून ऐटीत नवं लायसन पुढे केलं. काउंटरवरच्या मुलीने कार्ड उजेडात धरलं, तिरकं केलं, परत सरळ केलं आणि म्हणाली, "काका, ही सही आहे का?" म्हणजे सही जुळत नाही अशातला भाग नाही, तो करडा डाग म्हणजे सही आहे हेच तिला कळेना. शेवटी पॅन कार्डावर काम झालं पण घरी येईपर्यंत डोकं फिरलेलं होतं, म्हणून हे लिहायला बसलो. नाहीतर ऑनलाइन रिन्यूअलबद्दल चार चांगले शब्द लिहायचे असं किती दिवस मनात होतं.

तर लायसन २००४ चं, तेव्हा मी २२ चा. जुन्या नियमात २० वर्षं किंवा वयाची पन्नाशी, जे आधी येईल ते, त्यामुळे मुदत संपणार होती नोव्हेंबर २०२४ ला. मला कळलं ९ दिवस आधी, तेही कोकणात जायचं ठरत होतं आणि गाडी कोण चालवणार यावरून विषय निघाला म्हणून. मी म्हटलं त्यात काय, वरती महिनाभर चालतंच की. मेहुणा म्हणाला दाजी ते गेलं, मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत ते ३० दिवस काढून टाकले, आता मुदत संपली की दुसऱ्या दिवसापासून तुम्ही विनालायसनवाले, दंड ५०००, आणि मधल्या दिवसांत कुठे ठोकलीत तर इन्शुरन्सवाल्यांना आयतं कारण. रिन्यू मात्र मुदतीच्या एक वर्ष आधीपासून एक वर्ष नंतरपर्यंत करता येतं, त्यापुढे गेलात की परत ड्रायव्हिंग टेस्ट. म्हणजे माझ्याकडे अख्खं वर्ष होतं आणि मी ते झोपेत घालवलं.

एजंटला फोन केला, दोन हजार म्हणाला. सरकारी फी किती विचारलं तर हसला नुसता. फी आहे २०० रिन्यूअलची आणि २०० स्मार्ट कार्डाची, वर काय असेल ते किरकोळ. मग राहिलेले दीड हजार कसले? तिथेच ठरवलं, आपण स्वतः करायचं, काय व्हायचं ते होऊ दे.

परिवहन खात्याच्या साइटवर जुना नंबर टाकला तर रेकॉर्डच सापडेना. पूर्वीचे नंबर वेगळ्या पद्धतीचे होते, आता राज्याचा कोड, आरटीओचा कोड, मग वर्ष आणि पुढे सात आकडे. ज्यांची जुनी लॅमिनेट केलेली लायसन आहेत त्यांनी हे आजच तपासून घ्या, शेवटच्या आठवड्यात कळलं तर रडाल. जिथून लायसन काढलं त्याच ऑफिसात जाऊन बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या लायसनची नोंद कॉम्प्युटरवर, करून घ्यावी लागते, म्हणजे मला एसटीने जिल्ह्याच्या गावी जाणं आलं, पाऊण दिवस गेला. मी भांडायच्याच तयारीत गेलो होतो पण तिथल्या बाईंनी लायसन बघितलं, आत जाऊन एक जाडजूड रजिस्टर आणलं, बांधणी सुटलेलं, सुतळीने बांधलेलं, आणि दहा मिनिटांत नोंद शोधून काढली. पानावर माझी २२ व्या वर्षीची सही, निळ्या शाईची, शेवटच्या फाट्यासकट स्पष्ट. वीस वर्षांनी. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

चाळिशी ओलांडली की फॉर्म १ए म्हणजे मेडिकल सर्टिफिकेट लागतं. आपल्याकडे ते आता डॉक्टरच त्यांच्या लॉगिनवरून अपलोड करतात, त्यामुळे तसं लॉगिन असलेला डॉक्टर शोधावा लागतो, आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नव्हतं. फॉर्ममध्ये विचारलंय की उमेदवाराला चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबर प्लेट वाचता येते का, लाल-हिरवा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का. क्लिनिक दहा बाय बाराचं. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "दिसतंय ना सगळं?" मी म्हटलं दिसतंय. तीनशे रुपये. असो.

आता सही. आधार ई-केवायसी केलं की फोटो आधारवरूनच येतो, माझा तो २०१२ चा, मिशीवाला, नुकताच मलेरियातून उठल्यासारखा, तो चालतो म्हणे. सही तेवढी आपण अपलोड करायची आणि ती हवी १० ते २० केबीमध्ये. फोनवर फोटो काढला तर निघाला ३ एमबीचा. कापला, ३४० केबी. फोटो लहान करून देणाऱ्या कुठल्यातरी वेबसाइटवर टाकला, ९ केबी, तर म्हणे फार लहान. परत केला, २३, तर फार मोठा. मध्येच सेशन संपायचं, मग परत ओटीपी, परत कॅप्चा, त्या कॅप्चातला शून्य की ओ हे ओळखणं म्हणजे खरी डोळ्यांची तपासणी, डॉक्टरांपेक्षा कडक. तीन रात्री! तिसऱ्या रात्री साडेबाराला १९ केबीवर गाडी थांबली एकदाची आणि हिरवी खूण आली, त्या आनंदात सही कशी दिसतेय हे बघितलंच नाही. फी भरली, झोपलो.

मंजुरी चार दिवसांत. बॅकलॉगचे तीन, डॉक्टरचा एक, सहीच्या तीन रात्री, हे धरून मुदत संपल्यावर दोन दिवस मी बिनलायसनचा होतो, ते दोन दिवस बसने गेलो. मंजुरीनंतर फोनवरच्या डिजिलॉकरमध्ये, म्हणजे सरकारी कागदपत्रांच्या ॲपमध्ये, नवी तारीख दिसायला लागली आणि इथे मात्र मनापासून शाबासकी. कार्ड यायला दीडेक महिना लागला, तेवढ्यात एकदा नाकाबंदीत अडवलं, मी फोन दाखवला, हवालदारसाहेबांनी बघितलं आणि जा म्हणाले. २०१८ पासून डिजिलॉकरमधलं लायसन मूळ कागदासारखंच धरतात, पण प्रत्यक्षात चालतं का याची मला शंका होती. चालतं.

मुदत तेवढी दहाच वर्षं मिळाली. पहिल्या वेळी वीस मिळाली होती. आता तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान काढलं की दहा, म्हणजे माझं २०३४ पर्यंत, तेव्हा मी ५२ चा, मग ते साठीपर्यंत, पुढे दर पाच वर्षांनी. म्हातारपणी हाच उद्योग.

आणि कार्ड आलं तेव्हा पाकीट फोडून आधी सहीच बघितली. डास चिरडल्यावर भिंतीवर राहतो तसा डाग. २००४ मध्ये रजिस्टरात शाईने केलेली सही आज वाचता येते आणि २०२४ मधली बँकेतल्या पोरीला दिसत नाही, मग कसली डिजिटल प्रगती ही? ५०० केबी घेतले असते तर सर्व्हर बुडणार होता का?

इथपर्यंत लिहून मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली बाबा, तुम्ही सही लाइट बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला केली होती, आणि ती पण बॉलपेनने, पिवळ्या बल्बखाली, बिलाचे आकडे आरपार दिसत होते त्या फोटोत. मग तिने माझ्यासमोर पांढऱ्या कागदावर काळ्या जेल पेनने सही करायला लावली, फोनमधल्या स्कॅनरने काळी-पांढरी केली, कडेचा कागद कापला, १४ केबी. पाच मिनिटंसुद्धा नाही, आणि सही अशी की रजिस्टरातली आठवली. बरं. म्हणजे निम्मा दोष माझा. पण साइटवर एका ओळीत हे लिहायला काय हरकत होती, फाइल लहान-मोठी झाली तर लगेच ओरडता ना, मग वाचता येत नाही हे पण सांगा.

तीनशे डॉक्टरचे आणि एसटीचं भाडं धरलं तरी एजंटच्या निम्म्यात झालं, त्यामुळे स्वतः करा असंच सांगेन. सही बदलायची वेगळी सोय आहे, पण तिची फी वेगळी आणि कार्डाचे परत २००. मी नाही देणार. २०३४ पर्यंत बँकेत पॅन दाखवीन.

बायकोचं लायसन येत्या मार्चमध्ये संपतंय. तिची सही आत्ताच करून ठेवलीय, १४ केबी, तीन ठिकाणी सेव्ह. फोटो मात्र तिच्या आधारवरचाच येणार, हे तिला अजून सांगितलेलं नाही.