लता की आशा? प्रश्न विचारायचा तर नीट विचारू

‘सर्वश्रेष्ठ कोण’ या वादात लताबाई बहुतेकदा न खेळताच जिंकतात. पण निकष ‘वेगवेगळ्या संगीतप्रकारांत सर्वश्रेष्ठ कोण’ असा लावला, तर माझं पारडं आशाबाईंकडे झुकतं.

लताबाईंचा आवाका लहान होता असं नाही. ज्ञानेश्वरांच्या विराण्या, मीरेची पदं, ‘शिवकल्याण राजा’, गालिबच्या गझला. शिवाय ‘आनंदघन’ या नावाने दिलेलं संगीत. पण त्या जे गात, ते ‘लताचं’ होऊन जाई. सुरातला नितळपणा तोच.

आशाबाई मात्र प्रकारानुसार आवाजच बदलत. लावणी, नाट्यपद, कॅबरे, भावगीत, आणि ‘उमराव जान’मधल्या गझला, ज्यांच्यासाठी खय्याम यांनी त्यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सरोदवादक अली अकबर खाँसाहेबांबरोबर जुन्या बंदिशी गायल्या, क्रोनोस क्वार्टेट या अमेरिकन तंतुवाद्य-चौकडीबरोबर आर. डी. बर्मन यांची गाणी नव्याने गायली. दोन्ही अल्बमना ग्रॅमीचं नामांकन होतं. २०११ साली गिनेसने सर्वाधिक ध्वनिमुद्रणांसाठी त्यांची नोंद केली. आकड्यांवर मी फारसा जात नाही. १९७४ साली गिनेसने लताबाईंच्या नावे छापलेल्या २५,००० गाण्यांवर रफींनीच हरकत घेतली होती.

एकाच गाण्यावर पैज लावायची असेल तर लता. शंभर गाण्यांची रात्र जागवायची असेल तर आशा.