पन्नाशीतला व्हिजन बोर्ड : भिंतीवर की मोबाइलवर?

पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे असलेला माणूस व्हिजन बोर्ड, म्हणजे आपली ध्येये चित्रांतून डोळ्यांसमोर ठेवणारा फलक, करायला बसतो, तेव्हा त्याच्यापुढचा प्रश्न विशीतल्या मुलाच्या प्रश्नाहून वेगळा असतो. मुलाला काय मिळवायचे ते अजून शोधायचे असते. आपल्याकडे इच्छा भरपूर साठलेल्या असतात आणि त्यांच्या मानाने हातात उरलेला वेळ, गुडघ्यांतली ताकद आणि घरच्या जबाबदाऱ्यांतून मिळणारी मोकळीक कमी असते. त्यामुळे हा फलक कशावर करावा, हा वरवर किरकोळ वाटणारा प्रश्न या वयात विचार करून सोडवावा, असे मला वाटते. मी एकाच वेळी भिंतीवरचा, टाचण्या टोचता येतील असा सॉफ्टबोर्ड आणि कॅनव्हा या चित्रे जुळवण्याच्या ॲपवरचा फलक असे दोन्ही, त्याच ध्येयांसाठी, काही काळ चालवून पाहिले आणि मग त्यांतला एक ठेवला. पुढचे विवेचन त्या अनुभवावर आधारलेले आहे. कोणाचा स्वभाव आणि दिनक्रम निराळा असेल तर त्याचा निर्णयही निराळा होऊ शकेल.

कार्डशीटवर कात्रणे चिकटवून केलेल्या फलकाबद्दल फार लिहीत नाही. तो स्वस्त आहे आणि एका रविवारी पुरा होतो. पण एकदा गोंद वाळला की त्यात बदल करता येत नाही, आणि मध्यमवयातली ध्येये वर्षभर जशीच्या तशी राहतील असे गृहीत धरणे धाडसाचे आहे. पुण्याच्या पावसाळ्यात ग्लू स्टिकने लावलेल्या कात्रणांच्या कडा सुटू लागतात, ही अडचण वेगळीच. खरी निवड उरते ती सॉफ्टबोर्ड आणि मोबाइल-संगणक यांच्यात.

मोबाइलच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. फलक सतत बरोबर राहतो. पती-पत्नी दोन गावांत नोकरीला असतील तर दोघांना एकच फलक पाहता येतो आणि दोघांनाही त्यात भर घालता येते. देवनागरी अक्षरे नीटस येतात. शिवाय तो खाजगी असतो, आणि ही बाब मी लहान मानत नाही. आपल्याकडच्या दोन खोल्यांच्या घरात भिंतीवर काही लावले की ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचे होते. सॉफ्टबोर्डवर पोहण्याच्या तलावाचे चित्र दिसले की आलेला पाहुणा ‘या वयात पोहणे?’ असे विचारणारच, आणि दर वेळी उत्तर देण्याची सर्वांची तयारी नसते. माझा बोर्ड झोपण्याच्या खोलीत, कपाटाच्या बाजूला आहे, तो यासाठीच. त्या खोलीतही तो घराच्या बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर लावलेला नाही, कारण जुलै-ऑगस्टमध्ये त्या भिंतीला ओल येते.

चित्रांच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे सारखीच गैरसोय आहे. कॅनव्हा किंवा पिंटरेस्टवर ‘आरोग्य’ शोधावे तर समुद्रकिनाऱ्यावर धावणारी पंचविशीतली परदेशी मंडळी दिसतात. रद्दीतून काढलेले दिवाळी अंक आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्या चाळाव्यात तर दागिने, गृहसंकुले आणि परदेशी सहली यांच्या जाहिराती पुढे येतात. दोन्ही ठिकाणी आपली ध्येये नकळत जाहिरातदार ठरवू लागतो. यावर मला उपयोगी पडलेला उपाय म्हणजे तयार चित्रे जवळपास टाळून स्वतः काढलेले फोटो छापून घेणे. सिंहगड चढण्याच्या ध्येयासाठी मी गडाचे लांबून घेतलेले देखणे छायाचित्र लावले नाही, आतकरवाडीहून वर जाणाऱ्या पायवाटेचा चढाचा टप्पा लावला. हे मोबाइलवरही करता येते, हे मान्य करायला हवे.

पायवाटेचा चढ लावण्यामागे थोडा अभ्यासाचाही आधार आहे. व्हिजन बोर्डवर सहसा फळाचे चित्र लावले जाते : सडपातळ शरीर, नवे घर, सत्काराचा मंच. लिएन फाम आणि शेली टेलर या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात परीक्षेच्या तयारीतल्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने चांगले गुण मिळाल्याची कल्पना करायची होती आणि दुसऱ्याने आपण अभ्यास कसा करत आहोत याची. दुसऱ्या गटाने अभ्यासही अधिक केला आणि त्याला गुणही अधिक मिळाले. हेदर काप्पेस आणि गॅब्रिएल ओटिंगेन यांनी 2011 मध्ये दाखवले की मनासारखे सगळे झाल्याची रम्य कल्पना केल्यावर माणसाची ऊर्जा उलट कमी होते, आणि त्यासाठी त्यांनी वापरलेल्या मोजमापांत रक्तदाबही होता. ओटिंगेन यांचा सल्ला असा की इच्छेच्या शेजारी तिच्या आड येणारी, स्वतःच्या आतली अडचण मांडावी आणि मग ती आली तर काय करायचे ते ठरवावे. हे मला पटले. म्हणून माझ्या प्रत्येक चित्राखाली एक चिठ्ठी असते.

मोडी लिपी शिकणे हे माझे जुने ध्येय. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या परिसरात अनेकदा जाणे होऊनही ते राहून गेले होते. या ध्येयाचे चित्र म्हणून पेशवेकालीन कागदाची सुंदर छायाप्रत सहज मिळाली असती. तिच्याऐवजी मी स्वतःच्या सरावाच्या वहीतले पान फाडून लावले आहे. मोडीत आधी ओळभर आडवी रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरे एकामागून एक, शक्य तितका हात न उचलता लिहितात. त्या पानावरच्या पहिल्या चार ओळींत माझी रेघ उजवीकडे खाली घसरलेली दिसते आणि पाचवीत ती बऱ्यापैकी सरळ आहे. खालच्या चिठ्ठीवर लिहिले आहे : ‘रात्री जेवणानंतर टीव्ही लावावासा वाटला, तर आधी एक पान.’ पान जुने झाले की ते काढून नवे लावतो. हे काम टाचणीने इतके सोपे होते की त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. मोबाइलवर त्यासाठी फोटो काढणे, कातरणे, चढवणे असे टप्पे पार करावे लागतात, आणि मधेच एखादा व्हॉट्सॲपचा निरोप आला की तो उद्योग तिथेच राहतो.

तरीही माझा निर्णय यावर झाला नाही. तो झाला मोबाइलवरच्या फलकाच्या एका गुणामुळे, जो मला हळूहळू असह्य वाटू लागला : तिथे सगळे मावते. नवे चित्र आले की जुन्याचा कोपरा धरून ते लहान करायचे, आणि जागा होते. जागा संपली असे तो फलक कधी सांगतच नाही. फारच दाटी झाली तर दुसरे पान उघडता येते.

माझ्या फलकावर कोकणात लहानसे कौलारू घर बांधण्याचे स्वप्न बरीच वर्षे होते. पुढे आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली, ती आमच्याकडे राहायला आली, आणि तिला पुन्हा पर्वतीच्या पायथ्याच्या रस्त्यावर आधाराविना चालताना पाहणे हे माझे त्या वर्षीचे पहिले ध्येय झाले. कॅनव्हावर मी तिचा फोटो बसवला आणि कोकणातले घर आक्रसून अंगठ्याच्या नखाएवढे झाले. ते फलकावर होतेही आणि नव्हतेही. त्याला माझा नकार नव्हता, त्यासाठी मी पैसे बाजूला टाकतही नव्हतो, आणि फलक उघडला की ते मनाला तेवढीच टोचणी लावून जाई. अशी नखाएवढी स्वप्ने त्या पडद्यावर वाढत गेली.

सॉफ्टबोर्डवर त्याच आठवड्यात वेगळे घडले. पोस्टकार्डाच्या आकाराचा छापलेला फोटो लहान होत नाही. आईचा फोटो आणि तिच्या व्यायामाचा तक्ता लावायला जागा हवी होती, आणि ती करायची तर काहीतरी उतरवणे भागच होते. मी फोटो हातात धरून बोर्डासमोर बराच वेळ उभा राहिलो, पत्नीशी बोललो, आणि आम्ही दोघांनी मिळून कोकणातले घर उतरवले. पुढे ते चित्र पुन्हा लावावेसे वाटले नाही, त्यामागे घेतलेला निर्णय होता म्हणून. ध्येये स्पष्ट होणे म्हणजे काय, हे मला त्या संध्याकाळी त्या दोन-तीन टाचण्या काढताना जितके कळले तितके इतर कशाने कळले नव्हते. ज्या वयात निवड करणे हेच मुख्य काम आहे, त्या वयात निवड पुढे ढकलू देणारे साधन मला तरी परवडत नाही.

मोबाइलवरच्या फलकावर स्वतःच मर्यादा घालता येईल, असे कोणी म्हणेल. सात चित्रांपलीकडे जायचे नाही, असा नियम करून तो काटेकोरपणे पाळणारी माणसे असतीलही, आणि त्यांना दोन्ही साधने सारखीच ठरतील. ज्यांची दर दोन वर्षांनी बदली होते, जे भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारू शकत नाहीत, किंवा ज्यांना घरात आपली ध्येये कोणाच्या नजरेस पडायला नको आहेत, त्यांनी मोबाइलच निवडावा. फक्त जुने चित्र लहान करण्याऐवजी ते काढून टाकण्याची सवय लावून घ्यावी. बाकीच्यांनी अप्पा बळवंत चौकात एक फेरी मारावी, असे मी आग्रहाने सुचवेन. तिथल्या स्टेशनरीच्या दुकानांत सॉफ्टबोर्ड आणि लागेल ते सामान मिळते. दुकानदार बहुधा तीन फूट बाय दोन फुटांचा बोर्ड दाखवेल आणि तो भिंतीवर शोभेलही, पण त्याच्या निम्म्या आकाराचा मागून घ्यावा.