तानपुऱ्यासाठी स्वतःचा सर्व्हर: जित्सी मीट, काही महिन्यांच्या वापरानंतर

आमचा गायनाचा ऑनलाइन वर्ग गेले काही महिने आमच्याच जित्सी मीट सर्व्हरवर चालतो आहे. जित्सी मीट म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येणारं व्हिडिओ कॉलचं मुक्त सॉफ्टवेअर. एवढा खटाटोप केला तो तानपुऱ्यासाठी. व्हिडिओ कॉलची सगळी साधनं बोलण्यासाठी बनवलेली असतात. एकसारखा, अखंड नाद ऐकला की त्यातली गोंगाट गाळणारी यंत्रणा त्याला पंख्याची घरघर समजते आणि काढून टाकते. गुरुजींनी सूर लांबवला की तोही मध्येच बारीक व्हायचा.

जित्सीच्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये 'डिसेबलएपी' (disableAP) नावाची ओळ आहे. ती चालू केली की गोंगाट गाळणं, प्रतिध्वनी काढणं, आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करणं, सगळं थांबतं. हीच गोष्ट प्रत्येकाला लिंकमधूनही करता येते. पण सत्तरीतल्या शिष्यांना दर वेळी ते सांगत बसण्यापेक्षा सर्व्हरवर एकदाच लिहिलेलं केव्हाही बरं. जोडीला ओपसचा (आवाज लहान करून पाठवणाऱ्या कोडेकचा) बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला जाणारा डेटा, वाढवला आणि चित्राचं रिझोल्युशन ७२० ऐवजी ३६० वर आणलं. आता जोडाच्या तारा स्वच्छ ऐकू येतात. बदल्यात हेडफोन सक्तीचे झाले. एकानेही स्पीकर लावला तरी त्याच्याकडून सगळ्यांचा आवाज परत येतो.

बसवणं अवघड नाही. डेबियन या लिनक्सवर जित्सीची रिपॉझिटरी (सॉफ्टवेअरचं भांडार) जोडली की प्रोसोडी (निरोप आणि लॉगिन सांभाळणारा), जिकोफो (कॉल जुळवणारा) आणि व्हिडिओब्रिज (सगळ्यांचा आवाज-चित्र एकमेकांकडे पोचवणारा) हे भाग एपीटी या इन्स्टॉल करण्याच्या आज्ञेने एकत्र येतात; सुरक्षित जोडणीसाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्रही तिथेच मिळतं. घरच्या ब्रॉडबँडला बहुधा स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता) नसतो, म्हणून भाड्याचा ४ जीबी रॅमचा व्हीपीएस (इंटरनेटवरचा आभासी सर्व्हर) घेतला. चाचणी मात्र तिघांनी मिळूनच करा. दोघंच असताना कॉल थेट एकमेकांत जोडला जातो, व्हिडिओब्रिज वापरलाच जात नाही. व्हिडिओब्रिज ज्यातून आवाज-चित्र पाठवतो तो यूडीपी १०००० हा पोर्ट (सर्व्हरचं दार) बंद असेल तरी दोघांचं उत्तम चालतं आणि तिसरा आला की आवाज-चित्र दोन्ही गायब! एक शिष्या ऑफिसच्या नेटवर्कवरून येते, तिथे यूडीपी अडवलेलं आहे. तिच्यासाठी टर्न सर्व्हर (मधे राहून आवाज-चित्र पुढे पाठवणारा) टीसीपी या दुसऱ्या मार्गावर चालू ठेवावा लागला.

प्रोसोडीत लॉगिन पहिल्याच दिवशी लावून घ्या, नाहीतर पत्ता कळलेला कुणीही तुमच्या सर्व्हरवर खोली उघडेल. पाहुण्यांना लॉगिन लागत नाही, फक्त खोली उघडणाऱ्याला लागतं.

रेकॉर्डिंगसाठी जित्सीचंच जिब्री हे साधन आहे. पण ते आतमध्ये अख्खा क्रोम ब्राउझर चालवतं आणि एका वेळी एकच रेकॉर्डिंग करतं. आम्ही ते घेतलं नाही. गुरुजींच्या बाजूला फोनवर रेकॉर्ड होतं, आणि दर्जा त्याचाच सरस आहे.

एकत्र गाणं मात्र यावर होत नाही. आवाज पोचायला लागणारा वेळ कुठलाच सर्व्हर शून्यावर आणू शकत नाही. त्यामुळे गुरुजी आधी म्हणतात, मग एकेक शिष्य, आणि ठेका ज्याचा त्याने आपल्या खोलीत लावायचा.