अँटिव्हायरसच्या नूतनीकरणाच्या नावाखाली 74,398 रुपये गेले

घरच्या संगणकाला विकतचे अँटिव्हायरस हवेच, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की तिच्याच जोरावर माझ्या खात्यातून 74,398 रुपये 82 पैसे उकळण्यात आले. विंडोज 10 आणि 11 मध्ये डिफेंडर हे मायक्रोसॉफ्टचे अँटिव्हायरस मुळातच असते, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत आणि विकतच्या अँटिव्हायरसची मुदत संपली की ते पुन्हा कामाला लागते, ही माहिती पैसे गेल्यानंतर मिळाली.

पडदाभर लाल इशारा, कर्कश भोंगा आणि खाली फोन नंबर हा प्रकार आता सर्वांना ठाऊक आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. असे पान दिसल्यास टास्क मॅनेजर या विंडोजमधल्या चालू प्रोग्राम बंद करण्याच्या सोयीतून ब्राउझर बंद करावा. मी त्या नंबरवर फोन केला, कारण माझ्या अँटिव्हायरसची मुदत खरोखरच त्याच आठवड्यात संपत होती. पलीकडच्या माणसाने अस्खलित मराठीत, ‘काका, काका’ म्हणत संगणकाचा ताबा घेतला आणि इव्हेंट व्ह्यूअरमधल्या, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदींच्या यादीतल्या, लाल खुणा दाखवल्या. त्या खुणा धडधाकट संगणकातही असतात.

पाच वर्षांच्या संरक्षणाचे 4,999 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असे 5,898 रुपये 82 पैसे त्याने मागितले. यूपीआयवर पैसे घेणाऱ्याच्या जागी कंपनीचे नाव नव्हते, एका व्यक्तीचे होते. पैशापर्यंत कर आकारणारी कंपनी खासगी खात्यात पैसे कशी घेते, असे मी विचारलेही होते. ‘काका, ते आमचे अकाउंटंट आहेत,’ हे उत्तर मिळाले. फोन तिथेच ठेवायला हवा होता, हे आजही मनातून जात नाही.

मग ‘पेमेंट अडकले आहे’ म्हणून त्याने नेटबँकिंग उघडायला लावले, ‘स्कॅन चालू आहे’ म्हणून पडदा काळा केला आणि परवाना सुरू करण्यासाठी म्हणून ओटीपी विचारून घेतला. 49,500 रुपये गेले. काळ्या पडद्यामागे काय चालले आहे, हे कोणालाही दिसले नसते.

बँकेच्या हेल्पलाइनवर 4 वाजून 10 मिनिटांनी तक्रार नोंदवली, क्रमांकही मिळाला, आणि त्यानंतर अर्ध्या तासाने त्याच खात्यातून आणखी 19,000 रुपये गेले. ग्राहकाची चूक असली तरी कळवल्यानंतरचे नुकसान बँकेने सोसायचे, असे रिझर्व्ह बँकेचे 6 जुलै 2017 चे परिपत्रक सांगते. त्याची प्रत मी शाखेत पुढे ठेवली, तर अधिकाऱ्यांनी ती न वाचताच परत सरकवली आणि ‘ओटीपी तुम्हीच दिलात’ एवढेच ऐकवले. पोलीस ठाण्यात ‘सायबरकडे जा’ आणि सायबर विभागात ‘आधी ठाण्यात जा’ असे सांगण्यात आले. 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय क्रमांक कितीतरी वेळ व्यस्त होता; तो लागत नसेल तर वाट पाहू नका, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लगेच तक्रार नोंदवा. तक्रार क्रमांकाचा एसएमएस पुसू नका, कारण मी फोन नेमका किती वाजता केला याचा पुरावा आता बँक माझ्याकडेच मागते आहे, आणि त्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण तिच्याकडेच आहे. लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर न आल्यामुळे मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केला असून त्यात 19,000 रुपयांची मागणी स्वतंत्रपणे मांडली आहे.