पॅनलमागची ओल : हॉलचा कोपरा 'उजळून' देणाऱ्यांपासून सावध राहा

कोथरूडमधलं तीसेक वर्षांचं जुनं घर. हॉलची आतली भिंत बाथरूमला लागून, तिच्यात जुनं शोकेस आणि वर एकच ट्यूब. कोपरा उदास दिसतो म्हणून घरच्यांनी इंटिरिअर करणाऱ्या एकाला बोलावलं. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवले : शोकेसच्या जागी ज्वाळा दिसणारी इलेक्ट्रिक फायरप्लेस, दोन्ही बाजूंना चारकोल लुव्हर्स (उभ्या पट्ट्यांची सजावटी पॅनल), कडेनं प्रोफाइल लाइट (धातूच्या बारीक पट्टीत बसवलेली एलईडी). कामाआधीच त्यानं ऐंशी टक्के रक्कम उचलली. पहिल्या पावसाळ्यात पॅनलमागून कुबट वास यायला लागला, लाइट फडफडायला लागले आणि त्याचा फोन लागेनासा झाला. या कामात फसवणूक कुठे कुठे दडलेली होती ते इथे सविस्तर देत आहोत, कारण या धंद्यातल्या लबाड लोकांची पद्धत बहुतेक ठिकाणी हीच असते.

सगळ्यात मोठी लबाडी ओलीची. भिंतीला आधीपासून पोपडे होते, पांढरा लोणा धरला होता. काकूंनी त्याबद्दल विचारलं तेव्हा उत्तर आलं, "काकू, पॅनल बसलं की भिंत दिसणारच नाही." हे वाक्य ऐकू आलं की काम तिथेच थांबवा. नहाणी ट्रॅपच्या (बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीखालच्या निचऱ्याच्या) सांध्यातून किंवा टाइल्सच्या फटींतून झिरपणारं पाणी विटांतून हॉलच्या बाजूला येतं. भिंत उघडी असते तोवर ते थोडंथोडं वाळत राहतं. पॅनल ठोकलं की वाळायला वाट उरत नाही. मग मागच्या प्लायला काळी बुरशी धरते, खिळे गंजतात आणि पॅनल सुटायला लागतं. इथलं पॅनल काढलं तेव्हा मागच्या पट्ट्या बोटानं दाबल्या तरी भुगा होत होत्या.

याची तपासणी घरच्या घरी होते. संशयाच्या जागी दोन फूट बाय दोन फुटांचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपनं हवाबंद चिकटवा. बाथरूम रोजच्यासारखं वापरा आणि चोवीस तासांनी बघा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय. हॉलकडच्या बाजूला जमले तर ती खोलीतल्या हवेची. ओल भिंतीतली निघाली तर आधी बाथरूमच्या बाजूनं वॉटरप्रूफिंग, मग हॉलचं खराब प्लास्टर विटेपर्यंत काढून नवीन प्लास्टर, त्यावर किमान सात दिवस पाणी मारणं, आणि ते पूर्ण वाळल्यावरच पुट्टी. प्लास्टर पूर्ण वाळायला अनेक आठवडे जातात. "चार दिवसांत भिंत तयार करून देतो" म्हणणारा तुम्हाला ओली भिंतच झाकून देणार.

दुसरी लबाडी प्लायची. कोटेशनमध्ये 'मरीन प्लाय' होतं, बसवलं कमर्शियल. मरीन ग्रेडवर आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का असतो. आयएस 303 हे वेगळं मानक आहे आणि त्यातला एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) म्हणजेच बाजारातला कमर्शियल प्लाय, जो ओलीजवळ टिकत नाही. शिक्क्याखालचा सीएम/एल नंबर भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अॅपवर टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे का ते कळतं. शिक्काही खोटा मारता येतो, म्हणून उरलेला तुकडा चार तास पाण्यात उकळा. थर सुटले तर माल परत पाठवा. शक्य असेल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून स्वतः माल घ्या आणि बिल स्वतःच्या नावावर करा.

तिसरी मापाची. भिंत आठ फूट रुंद, नऊ फूट उंच, म्हणजे 72 चौरस फूट. बिलात 96 लागले होते, कारण 'साइड, टॉप आणि वेस्टेज'. वेस्टेज द्यायचंच असेल तर किती टक्के ते कोटेशनमध्ये आधी लिहून घ्या. आणि माप टेप लावून दोघांनी मिळून घ्यायचं.

विजेच्या कामातली लबाडी मात्र जिवाशी खेळ आहे. 1500 वॅटचा हीटर असलेली फायरप्लेस साडेसहा अँपिअर ओढते. ती शोकेसमधल्या जुन्या 6 अँपिअरच्या सॉकेटला, लाइटच्या बारीक वायरवर जोडली होती. त्याला 16 अँपिअरचा सॉकेट आणि एमसीबीपासून (मीटरजवळच्या आपोआप पडणाऱ्या स्विचपासून) वेगळी 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लागते. खरं तर पुण्याच्या थंडीला हीटर हवाच असं नाही. नुसती ज्वाळांची लाइट चालू ठेवली तर भार नगण्य.

लाइट फडफडण्याचं कारणही तपासात सापडलं. पाच मीटरच्या 12 व्होल्टच्या एलईडी पट्टीला मीटरला 14.4 वॅट, म्हणजे एकूण 72 वॅट लागत होते आणि ड्रायव्हर (पट्टीला वीज पुरवणारा डबा) होता 60 वॅटचा. ड्रायव्हर निदान वीस टक्के जास्त क्षमतेचा, म्हणजे इथे 100 वॅटचा घ्यावा. पट्टीला दोन्ही टोकांकडून पुरवठा दिला की शेवटचा भाग मंद पडत नाही. हा ड्रायव्हर पॅनलच्या आत कोंबून वर खिळे ठोकले होते. चारकोल पॅनल म्हणजे मुळात पॉलिस्टायरिन, ते पेट घेतं. ड्रायव्हर हात पोचेल आणि हवा लागेल अशाच जागी ठेवून घ्या. वायरिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

रंगात डबा महागाचा आणि आत पाणी हा जुना प्रकार. सीलबंद डबा आपल्यासमोर उघडायला लावा आणि डब्यावर छापलेल्या प्रमाणाइतकंच पाणी घालू द्या.

यातला निम्मा खर्च मुळात गरजेचाही नव्हता. भिंत कोरडी केली, छत पांढरं आणि भिंत फिकट मोतिया रंगवली, खिडकीसमोर आरसा लावला आणि 4000 केल्विनचे (ना पिवळे ना निळसर), सीआरआय 90 चे (रंग जवळपास खरे दाखवणारे) दिवे बसवले की असा कोपरा उजळतो. ओल आली तर लगेच दिसते, हाही फायदा.

पैसे टप्प्यानं द्या : माल आल्यावर थोडे, आतलं काम झाकण्याआधी फोटो काढून थोडे आणि दहा ते पंधरा टक्के पहिला पावसाळा संपल्यावर. फसलाच असाल तर कोटेशन, पावत्या, यूपीआयच्या नोंदी आणि चॅट जपून ठेवा. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यातून काही निघालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही आणि वकील नसला तरी चालतो. मुदत दोन वर्षांची असते, म्हणून त्या माणसाच्या "पुढच्या महिन्यात येतो" या शब्दावर वाट बघत बसू नका.